फाल्गुनातले सरपण

खानदेशाच्या उन्हाळ्याविषयी कोणी चांगले बोलल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. भुसावळ-जळगावच्या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ पासून ४५ अंशांपर्यंत चढतो, पांझरा-बोरीसारख्या नद्यांची पात्रे उघडी पडतात, काळ्या जमिनीला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि दुपारच्या वेळी गावचा रस्ता असा निर्मनुष्य होतो की जणू संचारबंदीच पुकारली आहे. परंतु ज्याच्या नावाने सारा मुलूख बोटे मोडतो तो हा उन्हाळा एक काम पिढ्यानपिढ्या विनामूल्य करीत आला आहे, आणि ते काम म्हणजे घरचे सरपण वाळवणे होय. ज्या गृहिणीने फाल्गुनात लाकडे फोडून घेतली, तिच्या चुलीची श्रावणातली चिंता मिटली. आणि जिने आषाढात वखारीची वाट धरली, तिला पैसे मोजूनही लाकूड मिळते ते निम्मे पाण्याचे.

थंड देशांत दिवाणखान्याच्या भिंतीत अग्नी ठेवून त्याभोवती बसण्याची चाल आहे, तशी आपल्याकडे नाही. आपला अग्नी स्वयंपाकघरात, न्हाणीघरात आणि अंगणात. चूल, आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब, पौषातली शेकोटी, मांड्यांचे खापर आणि भरिताचा जाळ, एवढे त्याचे संसारातले मुक्काम. घरोघर गॅसची शेगडी आल्यापासून यांतील काही मुक्काम उठले, काही राहिले. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर खेड्यांतही सिलिंडर पोहोचला, तरी सिलिंडर जपून वापरण्यासाठी पाणी तापवणे, ढोरांचे आंबोण शिजवणे, शेतावरच्या सालदाराची भाकरी ही कामे लाकडावरच चालतात. म्हणून वाळलेले लाकूड म्हणजे काय, ते कसे ओळखावे आणि कसे सांभाळावे, हे ज्ञान अजून जुन्या बाजारात टाकण्याजोगे झालेले नाही.

झाड उभे असताना त्याच्या खोडातून मुळांकडचे पाणी पानांकडे जात असते, आणि ज्या वाटांनी ते जाते त्या वाटा उभ्या, सूक्ष्म नळ्यांच्या जुडीसारख्या असतात. झाड तोडले की या नळ्यांत पाणी जागच्या जागी अडकून पडते. ताज्या तोडीच्या लाकडात पाण्याचे वजन कोरड्या काष्ठाच्या वजनाच्या निम्मे सहज असते, पुष्कळदा त्याहून अधिक. हे पाणी दोन प्रकारचे. एक पोकळ्यांत मोकळे साठलेले, जे प्रथम आणि तुलनेने लवकर निघून जाते. दुसरे पेशींच्या भिंतींत मुरलेले, जे सहजासहजी सुटत नाही. मोकळे पाणी संपते त्या टप्प्यावर लाकडात कोरड्या वजनाच्या पाव हिश्श्याहून थोडे जास्त, म्हणजे २५ ते ३० टक्के पाणी उरलेले असते, आणि तोपर्यंत लाकडाचा आकार फारसा बदलत नाही. त्यानंतर भिंतींतले पाणी सुटू लागले की लाकूड आक्रसते आणि त्याच्या टोकांना मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या चिरा पडतात. या चिरा म्हणजे लाकडाने स्वतःच्या वाळण्याची दिलेली पहिली खात्रीलायक साक्ष होय; मात्र ती केवळ टोकापुरतीच असू शकते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. नळ्या उभ्या असल्यामुळे पाणी टोकांतून झपाट्याने बाहेर पडते आणि अंगाने अत्यंत सावकाश, त्यातही साल शाबूत असेल तर जवळजवळ नाहीच. न फोडलेला, सालीसकट ठेवलेला बाभळीचा ओंडका दोन्ही टोकांना भेगाळलेला दिसला तरी मधोमध ओला असतो, याचे कारण हेच.

यावरून फोडणीचे महत्त्व कळून येईल. ओंडक्याच्या चार-सहा चिरफळ्या केल्या की पाण्याला बाहेर पडण्याचा रस्ता हातभर लांबीऐवजी दोन-तीन बोटांचा होतो. बाभळीसारखे गाठाळ लाकूड ओले असतानाच फोडावे, असा सल्ला कुऱ्हाडवाले देतात, आणि तो योग्य आहे. एकदा का ते हाडासारखे वाळले की पाचर ठोकताना घणही उसळतो आणि मजुरीही दुप्पट सांगितली जाते.

आता खानदेशी हवेचा हिशेब पाहू. लाकूड कितीही दिवस ठेवले तरी ते भोवतालच्या हवेशी समतोल साधेपर्यंतच वाळते, त्यापुढे नाही. चैत्र-वैशाखातील आपल्याकडच्या दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. अशा हवेत पातळ फोडलेले लाकूड कोरड्या वजनाच्या चार-पाच टक्के पाण्यापर्यंत येऊ पाहते. पावसाळ्यात हीच आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे गेली की तेच लाकूड, एकही थेंब अंगावर न पडता, हवेतूनच पाणी ओढून १६-१७ टक्क्यांपर्यंत पुन्हा चढते. उत्तम जळण्यास २० टक्क्यांच्या आत पाणी असले म्हणजे पुरे. म्हणून उन्हाळ्यात वाळलेले आणि छपराखाली ठेवलेले लाकूड भाद्रपदातही चांगले जळते, पण आषाढात तोडलेले लाकूड छपराखाली ठेवून दसऱ्यापर्यंतही नीट वाळत नाही. जिथे ऊन मवाळ आणि हवा दमट, त्या उत्तर युरोपात ओकसारख्या भारी लाकडाला दोन-दोन वर्षे रचून ठेवावे लागते. इंग्लंडमध्ये तर २०२१ पासून कायद्यानेच असे ठरवून दिले आहे की घरगुती वापरासाठी थोड्या प्रमाणात विकावयाचे लाकूड २० टक्के किंवा त्याहून कमी ओलाव्याचे असले पाहिजे. जे काम तिथे दोन वर्षे घेते ते फाल्गुन ते ज्येष्ठ या चार महिन्यांत आपल्या पदरात पडते, ही या तापट मुलखाची मोठी देणगी आहे, आणि तिची आपण फारशी बूज राखलेली नाही.

ओल्या लाकडाचा तोटा किती, याचे गणित मांडून पाहण्यासारखे आहे. ताज्या तोडीच्या १०० किलो लाकडात ४० किलो पाणी आहे असे धरू. घेणाऱ्याने पैसे शंभराचे मोजले, घरी काष्ठ आले साठ किलो, हा पहिला तोटा. काट्यावर विकल्या जाणाऱ्या जिनसात पाणी विकणे विकणाऱ्याच्या सोयीचेच असते. पुढे हे ४० किलो पाणी चुलीत तापवून त्याची वाफ करायची, तर दर किलोला साधारण ६०० किलोकॅलरी, म्हणजे एकूण २४ हजार किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. कोरडे काष्ठ किलोमागे सुमारे ४,५०० किलोकॅलरी देते, तेव्हा साठ किलोंची एकूण उष्णता पावणेतीन लाखांच्या घरात जाते. म्हणजे पाणी उडवण्यात गेला तो जेमतेम अकरावा हिस्सा. एवढ्यावरच हिशेब थांबवला तर ओल्या लाकडाला लोक उगीच नावे ठेवतात असे वाटेल.

खरे नुकसान या बेरजेत दिसत नाही. लाकूड तापू लागले की त्यातून ज्वलनशील वायू निघतात, आणि लाकडाच्या उष्णतेचा मोठा वाटा या वायूंत असतो; ज्वाला म्हणून जी आपल्याला दिसते ती या वायूंचीच. ते पूर्णपणे पेटण्यास सहाशे अंशांच्या आसपास तापमान आणि पुरेशी हवा लागते. लाकडातले पाणी उकळत असते तोवर त्या लाकडाचे अंग शंभर अंशांच्या वर जाऊ शकत नाही, आणि निघणारी वाफ जाळाला गारठवते. परिणामी वायू निघतात, पण पेटत नाहीत, आणि धूर होऊन खोलीभर पसरतात. जी उष्णता भांड्याखाली यावयाची ती आढ्याला काजळी होऊन चिकटते. ओल्या लाकडाच्या टोकातून फेस आणि तांबूस पाणी पाझरताना आपण पाहतो. त्या वेळी चुलीपाशी बसलेली बाई फुंकणीने जीव तोडून फुंकत असते, डोळ्यांतून पाणी काढत असते, आणि घरातले बाकीचे लोक ‘आज चूल पेटत नाही’ एवढेच म्हणतात. चुलीचा दोष नसतो. ज्याने लाकूड आणले, त्याने ते केव्हा आणले याचा तो दोष असतो, आणि त्याची सजा मात्र ज्याच्या हाती फुंकणी त्याला भोगावी लागते. ही गोष्ट मला अन्यायाची वाटत आली आहे. वर्ध्याच्या मगनवाडीतील कार्यकर्त्यांनी मगन चूल घडवली, पुढे १९८०च्या दशकात सरकारने निर्धूर चुलींची देशव्यापी मोहीम काढली, आणि या प्रयत्नांमागचा सद्भाव वादातीत आहे. परंतु धुराड्याची चूलदेखील ओल्या लाकडापुढे हतबल होते, आणि घरातल्या कर्त्या पुरुषाने वेळेवर सरपण भरावे, अशी मोहीम मात्र कोणी काढली नाही.

लाकूड कोणते घ्यावे, याविषयी खानदेशात मतभेद फारसा नाही. बाभूळ. बांधावर, गावठाणात, नदीकाठच्या गाळात ती आपोआप उगवते. तिचा गाभा तांबूस आणि घट्ट, जाळ स्थिर, निखारा टिकाऊ. हिवर आणि बोर तिच्या खालोखाल. कडुनिंबाचा धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून बंबाखाली चालतो, चुलीत नको, असे जुन्या बायका सांगत. रस्त्याकडेला माजलेली वेडी बाभूळ काट्यांमुळे तोडणाऱ्याला नकोशी वाटते, तरी जळायला ती मुळीच कमी नाही. पळस आणि पांगारा हलके, भराभर जळून जाणारे. सातपुड्यातली सालई डिंकाची, धूर फार. धावडा मात्र कोळशासाठी नावाजलेला. आणि अंजन. सातपुड्याच्या उतारावरील या वृक्षाची गणना भारतातील सर्वांत जड लाकडांत होते. त्याचा गडद तांबूस गाभा कुऱ्हाडीची धार बोथट करतो. रावेर-यावलकडे ज्या केळीने डोळ्यांचे पारणे फिटावे एवढी जमीन व्यापली आहे, तिचे खांब मात्र या कामी निव्वळ निरुपयोगी, कारण त्यांत दहापैकी नऊ हिस्से पाणीच असते. बागायतीने समृद्ध झालेल्या या गावांना सरपण बाहेरून आणावे लागते ते त्यामुळे.

अंजन, खैर, तिवस, साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ ही झाडे स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत, कारण झाडे तोडण्याचे नियमन करणाऱ्या १९६४ च्या महाराष्ट्र अधिनियमाच्या अनुसूचीत त्यांची नावे आहेत. बाभूळ त्या अनुसूचीत नाही, आणि सरपणाचा सारा भार तिच्यावर का पडला, याचे हेही एक कारण मानता येईल. सातपुड्याच्या रानाचा इतिहास याहून कष्टाचा आहे. मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या नेमणुकीने वनखात्याचा अंमल सुरू झाला. १८६० च्या दशकात लोहमार्ग खानदेशातून गेला आणि त्याच्या स्लीपरांसाठी व जळणासाठी लाकडाची मागणी एकाएकी वाढली. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या, आणि ज्या भिल्ल-पावरा कुटुंबांनी डोईवर मोळी आणणे हा कधी गुन्हा मानला नव्हता, त्यांची ती मोळी वनरक्षकाच्या नजरेत आली. २००६ च्या वनहक्क कायद्याने निस्तारासारखे, म्हणजे घरगुती गरजेपुरते रानातून आणण्याचे, सामूहिक हक्क मान्य केले, ही उशिरा झालेली परंतु रास्त तजवीज होय. यावलचे अभयारण्य १९६९ पासून संरक्षित आहे. आपल्या घरच्या चुलीसाठी त्या रानावर हात टाकण्याचे कारण सपाटीवरच्या माणसाला नाही. बांधावरची बाभूळ आणि शेतातला काटूक त्याला पुरतो.

वखारीत गेल्यावर पहिला प्रश्न भावाचा न विचारता ‘भाऊ, तोड कधीची?’ असा विचारावा. भाव त्यावर ठरतो. उत्तर काहीही मिळो, पुढची पारख आपल्या हाताने करावी, आणि ती चट्ट्याच्या दर्शनी बाजूचे लाकूड पाहून करू नये, कारण उन्हाकडची फळी सर्वांत आधी वाळते. मधल्या थरातली दोन लाकडे ओढून घ्यावीत आणि एकमेकांवर आपटावीत. वाळलेली असतील तर टणत्कार उठतो, ओली असतील तर बद्द आवाज येतो. सालीच्या कडेला नख घालून पाहावे. वाळलेल्या लाकडाची साल सुटून हातात येते, ओल्याची अंगाला चिकटून राहते आणि तिच्या आतली बाजू हिरवट, दमट लागते. वजनावर भिस्त ठेवावी ती एकाच जातीच्या दोन लाकडांत; वाळलेले अंजन ओल्या पळसापेक्षा जड लागेल आणि अननुभवी माणूस फसेल. सर्वांत खात्रीची परीक्षा म्हणजे वखारवाल्याला सांगून एक लाकूड समोर फोडून घेणे. बाभळीची चिरफळी उघडली की तिचा तांबूस गाभा आणि भोवतीचा पिवळट रस असे दोन रंग दिसतात. ती ताजी बाजू लगेच गालाला लावावी. बाहेर रणरणते ऊन असूनही गालाला गारवा जाणवला, तर आत पाणी आहे आणि ते उडू लागले आहे. कोमट, कोरडी लागली, तर व्यवहार करावा. ज्याला आणखी काटेकोर व्हायचे असेल त्याने चट्ट्याच्या मधली एक ढलपी घरी आणून वाण्याच्या काट्यावर तोलावी, चुलीच्या वैलापाशी मंद उबेवर ठेवावी, रोज तोलावी, आणि वजन घटायचे थांबले की जेवढे घटले तेवढे पाणी होते असे समजावे.

याचा अर्थ ओले लाकूड घेऊच नये असा मुळीच नाही. माघ-फाल्गुनात ओले लाकूड उघडपणे ओले म्हणून, त्या बेताच्या भावाने घेणे हा सर्वांत शहाणपणाचा सौदा; कारण पुढचे चार महिने ऊन आपल्या बाजूने असते. ते घरी आणून फोडावे आणि नीट रचावे. काळ्या मातीवर लाकूड टाकू नये. वाळवी तिथेच असते, आणि पाऊस पडताच ती माती ओल धरून ठेवते. खाली दगड किंवा जुने वासे घालून वीतभर उंचावर रास उभी करावी, लाकडे आडवी-उभी आलटून पालटून ठेवावीत म्हणजे वारा आरपार जातो, आणि रास भिंतीला चिकटवू नये. जुन्या धाब्याच्या घरांवर सपाट माळवदाचा उपयोग याच कामासाठी करीत. तिथे ऊन दिवसभर आणि वारा चहूबाजूंनी. मृगाच्या आधी माथ्यावर पत्रा घालावा, पण बाजू मोकळ्या ठेवाव्यात. पुष्कळ जण उत्साहाने सारी रास प्लास्टिकच्या कागदात गुंडाळतात. आतला दमट वाफारा आतच कोंडतो आणि आठ दिवसांत लाकडावर बुरशी धरते. वाळलेल्या लाकडावर पावसाची एखादी सर आली तर घाबरण्याचे कारण नाही, ते पाणी वरवरचे असते व दोन उन्हांत जाते. पावसाळ्यात राशीतून लाकूड काढताना आधी काठीने हलवून मगच हात घालावा. फुरसे आणि विंचू यांनाही कोरडी जागा हवी असते, आणि आपल्या खानदेशात ही बाब हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

खानदेशाचे खरेखुरे सरपण मात्र वखारीत नाही, ते शेतात उभे असते. जळगाव जिल्हा कपाशीचा, आणि कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या पऱ्हाट्या चिमट्याने उपटून घरी आणणे हे पौष-माघातले ठरलेले काम. अंगठ्याएवढी जाड ती काटकी महिन्या-दीड महिन्यात कडकडीत वाळते, कारण पाण्याला बाहेर पडायला अंतरच उरत नाही. तिचा जाळ उंच, झटपट आणि अल्पायुषी. भाकरीला तो पुरतो, डाळ शिजवायला नाही. वांग्याच्या भरितासाठी मात्र तिच्यासारखे दुसरे जळण नाही. असोदा-भादलीकडची हिरवट, पांढुरक्या रेषांची मोठी वांगी, ज्या जळगावी भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती पऱ्हाट्यांच्या किंवा तुराट्यांच्या उघड्या जाळावर फिरवत भाजली की साल करपते आणि आतला गर शिजून लोण्यासारखा मऊ होतो. जाड लाकडाच्या निखाऱ्यावर हेच वांगे वेळ खाते, आणि काड्या किंचित जरी दमट असल्या तरी धुराचा कडवटपणा गरात उतरतो. थंडीतल्या शेतावरच्या भरीत पार्ट्यांत अनुभवी माणूस वांग्यांच्या आधी काड्यांची पारख करतो. काडी कट्‌कन मोडली पाहिजे. वाकली तर ती बाजूला.

पऱ्हाट्यांच्या साठवणीला अलीकडे एक गंभीर बाजू आली आहे. गुलाबी बोंडअळी न उमललेल्या, किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत दडून राहते आणि पऱ्हाटीच्या गंजीबरोबर पुढच्या हंगामापर्यंत मुक्काम करते. म्हणून शेताच्या बांधावर गंजी रचू नये, फरदडीचा, म्हणजे जास्तीच्या वेचणीसाठी पीक पुढे राखण्याचा, मोह टाळून हंगाम संपताच पऱ्हाट्या काढाव्यात, असे कृषी खाते वारंवार बजावत असते. सरपण हवे असेल त्याने उपटतानाच बोंडे झोडून काढून ती नष्ट करावीत, काड्या शेतापासून दूर, गावात आणाव्यात, आणि मृगापूर्वी जितक्या जाळता येतील तितक्या जाळून टाकाव्यात. फाल्गुनात भरलेली बाभूळ पावसाळ्यासाठी राखावी आणि पऱ्हाट्या उन्हाळ्यातच संपवाव्यात, ही वाटणी चुलीच्याही सोयीची आहे आणि पिकाच्याही.

त्या वाटणीत एका जिनसाला वेगळा कप्पा लागतो, तो आखाजीच्या खापराचा. अक्षय्य तृतीयेला घरोघर पुरणाचे मांडे होतात. हातावर फिरवत पातळ केलेला तो मांडा उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर पसरायचा असतो, आणि खापर सर्व बाजूंनी सारखे तापलेले नसेल तर मांडा एकीकडे करपतो व दुसरीकडे कच्चा राहतो. यासाठी ना पऱ्हाटीचा भडका उपयोगी, ना ओंडक्याचा धुमसता निखारा. दोन बोटे जाडीच्या, सरळ रेषेच्या, गाठ नसलेल्या बाभळीच्या चिरफळ्या लागतात, त्या खापराच्या खाली तीन बाजूंनी सारून ठेवायच्या आणि हाताच्या अंदाजाने आत-बाहेर करीत राहायच्या. वैशाखातली ती लाकडे वर्षातली सर्वांत कोरडी लाकडे असतात, त्यामुळे त्यांचा जाळ सांगाल तितकाच राहतो. जाणत्या घरांत या चिरफळ्या शिमग्यानंतर लगेच निवडून, वेगळ्या बांधून, माळवदाच्या कोपऱ्यात ठेवलेल्या असतात, आणि आखाजीपर्यंत बंबासाठी किंवा चुलीसाठी त्यांना हात लावायची कोणाला मुभा नसते.